ठाण्याचा साधा नंबर

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये, एवढी एकच काळजी त्याने आयुष्यभर वाहिली. हॉटेलात चहा गार आला तरी "असू दे" म्हणून पिणार. दुकानाच्या दारात कुणी गाडी लावली, तर गिऱ्हाइकांना मागच्या बोळातून आत घेणार. घरचे त्याला 'असूदेमामा' म्हणतात. मी त्याच्या हाताखाली काम शिकते, त्यामुळे रोज एकदा तरी माझं डोकं फिरतं.

त्याची सायकल चोरीला गेली, तेव्हा त्याने जन्मात पहिल्यांदा पोलिसांचा तातडीचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "चोर आत्ता समोर आहे का? कुणाला इजा झालीय?"

"नाही हो, सकाळीच नेली असणार."

मग त्यांनी समजावलं. गुन्हा चालू असेल, कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर हा नंबर. होऊन गेलेल्या चोरीसाठी पोलीस ठाण्याचा साधा नंबर आहे, तिथे तक्रार घेतात. त्या काही वावगं बोलल्या नव्हत्या, पण मामाचे कान लाल झाले. रात्री घास तोंडात फिरायला लागला. "माझ्यामुळे एखाद्या अडल्यानडल्याचा फोन लागला नसता तर?" हे त्याने इतक्यांदा म्हटलं की मामी वैतागली.

"अहो, सायकल तुमची गेली, आणि चोरासारखं तोंड तुम्ही काय लपवताय?"

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या फोनशेजारी भिंतीवर साधा नंबर ठळक लिहून काढला. मग गल्लीत कुणाचं पाकीट हरवो, कुणाच्या गाडीला ओरखडा पडो, शेजारचा मोठ्याने गाणी लावो, मामाचं ठरलेलं असायचं, "तातडीला लावू नका हं, साध्याला लावा." लोकही त्यालाच विचारायला येऊ लागले. या एका बाबतीत आमच्या असूदेमामाची कॉलर ताठ झाली होती.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक शिंपीण एकटी राहायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून आलेली. तिची खिडकी आणि आमचा फोन अगदी समोरासमोर. एका दुपारी मी दुरुस्त केलेलं मशीन पोचवून परत आले, तर तिच्या घरातून आरडाओरडा आणि काच फुटल्याचा आवाज. नवरा पत्ता काढत आला होता आणि आत शिरून त्याने पुढच्या दाराला कडी घातली होती. आजूबाजूची दुकानं बंद. मामा रिसीव्हर कानाला लावून उभा.

"पोलीस येतायत का?"

"रांगेत आहे गं. थांबा म्हणतायत."

"लावलायस कुठे?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. मी मोबाइलवरून तातडीचा नंबर लावला, पत्ता सांगितला. गाडी लगेच आली, पोलिसांनी दार फोडून नवऱ्याला धरलं. पण तोवर शिंपिणीच्या उजव्या हाताचा चुराडा झाला होता. ती ज्या हाताने कात्री धरायची, तोच हात.

त्यानंतर मामाने दुकान उघडलंच नाही. भिंतीवरचा नंबर पुसून टाक म्हणाला, मी पुसला नाही. नंबर बरोबरच होता. शेवटी मीच त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

त्याला पाहून शिंपीण कशीबशी उठून बसली. "मशीनवाले, तुमचे उपकार कसे फेडू? खिडकीतून तुम्ही फोनवर दिसलात. म्हणून तर मी मागच्या दाराने जिना उतरून पळाले नाही. म्हटलं, पोलीस आता येतीलच."

मामाने कॉटची दांडी घट्ट धरली. तो 'असू दे' म्हणून मान खाली घालेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याने तसंच करावं असंही वाटलं. पण त्याने सगळं सांगितलं. साधा नंबर, रांग, माझं येणं, सगळं.

तिने विचारलं,

"माझ्या नवऱ्याला घाबरलात का?"

"नाही."

"मग?"

"लाज वाटली," मामा म्हणाला. "पुन्हा चुकीच्या ठिकाणी लावला असता, तर त्या बाई काय म्हणाल्या असत्या?"

शिंपीण पुन्हा आडवी झाली आणि तिने कूस बदलली. मामा तिच्या पाठीमागे हात जोडून उभा राहिला. तिने वळून पाहिलं नाही, आणि त्याला 'चल' म्हणायला माझी जीभ रेटेना.