दमट हवेतला प्रयोग

चहाचा कप उचलला की आमचे फिजिक्सचे सर म्हणत, "पाहा बाई, पृथ्वी हरली." मग निवांत एक घोट घेत. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या शिक्षकाला वाटे, यांचं काही तरी बिनसलंय. आम्हा जुन्यांना माहीत होतं की सर आता खडू, डस्टर, नाही तर कुणाची तरी टोपी उचलून दाखवणार. एवढी मोठी पृथ्वी खालून ओढून राहिली, आणि एका मास्तरच्या दंडापुढे तिचं काही चालत नाही, याचं त्यांना रोज नव्याने नवल वाटे.

असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. बुशकोटाच्या खिशात कंगवा, पण डोक्यावर केस बेताचेच. कंगवा केसांसाठी नव्हताच. तो कागदाचे कपटे उचलायला होता. त्यासाठी सर वर्गातल्या एखाद्या दाट केसांच्या मुलाला पुढे बोलवत आणि कंगवा त्याच्या डोक्यावर घासून घेत.

आमची शाळा सीताबर्डीच्या मागच्या अंगाला होती. मी मराठी शिकवायची. सरांच्या वर्गाशेजारी माझा वर्ग, मध्ये नुसता लाकडी पडदा, त्यामुळे माझ्या कवितेच्या तासाला त्यांचं विज्ञान फुकट ऐकायला मिळे. निसर्गातली चार बलं ते चार भावांसारखी सांगत. थोरला अणूच्या पोटात राहतो. सगळ्यात दांडगा, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. दुसरा विजेचा आणि चुंबकाचा, थोरल्याहून कमी, पण गावभर फिरणारा. तिसरा नावानेच क्षीण, तोही घरकोंबडा. चौथं म्हणजे गुरुत्वाकर्षण, सगळ्यात मरतुकडं. "त्याच्या मानानं विजेचं बल किती मोठं?" असं विचारून ते फळ्यावर दोन लिहीत आणि पुढे शून्यं काढत सुटत. एकोणचाळीस शून्यं. फळा संपला की लाकडी पडद्यावर, तोही संपला की दारावर. शाळेचा शिपाई त्या दिवशी सरांशी बोलत नसे.

हे सगळं ऐकून एक मुलगी वेडी झाली होती. तिचं नाव सुमन. पारशिवनीजवळच्या खेड्यातली. वडिलांनी मुद्दाम शिकायला म्हणून नागपुरात आत्याकडे ठेवलेली. मला ती निबंधात कधी विशेष दिसली नाही, पण सर म्हणत, "बाई, ही पोरगी कॉलेजात जाईल. लिहून ठेवा." माणूस अजून चंद्रावर जायचा होता तेव्हाची गोष्ट. खेड्यातली मुलगी फिजिक्स शिकेल असं म्हणणाराही तसा वेडाच.

शाळांचं विज्ञान प्रदर्शन ऑगस्टात होतं. सुमनने उन्हाळ्याच्या सुटीतच प्रयोग बसवला. एका पाटीवर ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाचे लहान लहान गोळे. काचेची कांडी रेशमाने घासून वर धरली की ते टणाटण उड्या मारून कांडीला चिकटत. मागे पुठ्ठ्यावर तिने पृथ्वीचं चित्र काढलं होतं आणि शेजारी त्या बिचाऱ्या कांडीचं. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या फुफाट्यात प्रयोग असा काही चालायचा की सरांनी मला सुटीतून बोलावून दाखवला. मीही टाळ्या वाजवल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी तीन दिवसांची झड लागलेली. भिंतींना ओल आली होती. परीक्षक टेबलाशी आले, सुमनने कांडी घासली, वर धरली, आणि एकही गोळा हलला नाही. तिने पुन्हा घासली. परीक्षकांपैकी एक सरांचा कॉलेजातला सोबती होता, आता मोठ्या हुद्द्यावर पोचलेला. तो हसून म्हणाला, "काय गा, पृथ्वी जिंकली वाटते."

मी सरांच्या शेजारीच उभी होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. नंतर त्यांनीच मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना सगळं आठवलं होतं. दमट हवेत असा प्रयोग होत नाही, कांडीवर ओल धरते आणि वीज टिकत नाही. कांडी आणि रेशीम निखाऱ्यावर जरा शेकून घेतलं की काम भागतं. बाहेर चहावाल्याची शेगडी पेटलेली होती. पण ते सांगायचं म्हणजे फिजिक्सचा मास्तर पावसाळा विसरला हे सोबत्यासमोर कबूल करायचं. सर म्हणाले, "तिचा हात नीट लागून नाही राहिला."

सुमनने आपल्या हाताकडे पाहिलं. कांडी हळूच टेबलावर ठेवली आणि मागे होऊन उभी राहिली.

पुढल्या वर्षी विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने शास्त्र सोडलं आणि गृहशास्त्र घेतलं. तिचे वडील डोक्याचा रुमाल हातात घेऊन शाळेत आले. "मास्तर, पोरीनं काहून सोडलं? मी तर शिकवाले तयार आहो. ती काही सांगून नाही राहिली." सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मॅट्रिक झाल्यावर सुमनचं लग्न झालं, सासर पारशिवनीतच मिळालं, एवढं आम्हाला कळलं.

त्यानंतर सर बदलले. प्रॅक्टिकलमध्ये कुणाला कमी मार्क देईनात. एखाद्या मुलाच्या हातून परीक्षानळी फुटली तर आधी स्वतःच माफी मागत. हेडमास्तर वैतागून म्हणाले, "सर, तुम्ही जिल्ह्यातली सगळी पोरं शास्त्रज्ञ करून टाकाल." सर नुसते हसले. ऑगस्ट आला की मात्र ते कुणाशी धड बोलत नसत.

एकदा मी स्पष्टच म्हटलं, "सर, जा ना पारशिवनीला. सांगून टाका तिला." ते रविवारी गेलेही. सोमवारी म्हणाले, "गाडीले लय गर्दी होती बाई, परत आलो." पुढेही बरेचदा निघाले. कधी गर्दी, कधी गाडी फेल, कधी आभाळ आलेलं. एवढा अडचणींचा रस्ता साऱ्या विदर्भात दुसरा नसेल. मी चिडवायची, ते ऐकून घ्यायचे. लाज वाटणाऱ्या माणसाला चिडवू नये हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ते रिटायर झाले त्या हिवाळ्यात माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही याल का संगं? मी एकटा गेलो की परत येतो."

सुमनचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीच्या टोकाला पोत्यावर एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. शेजारी वेगळा लोटा, वेगळी ताटली. आम्हाला पाहून ती उठली नाही, फक्त आत हाक मारली. सुमन बाहेर आली. अंगाने भरलेली, केसांत थोडी पांढरी. तिने सरांना लगेच ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. आत खाटेवर बसवलं. स्वयंपाकघरात तिची सासू भांडी घासत होती.

सरांनी पाण्याचीही वाट पाहिली नाही. "सुमन, त्या दिवशी तुझा हात नव्हता चुकला. हवा दमट होती. कांडी शेकली असती तर गोळे उडाले असते. मले माहीत होतं. लाजेपायी मी तुझ्यावर ढकललं."

सुमन सरांकडे न पाहता माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी बाहेरची होती. घरी सांगितलंच नाही, प्रदर्शनाले जाऊ देलं नसतं. मंग सर म्हणाले हात. मले वाटलं, सरांले समजलं."

"आणि आत्या? तिला कळलं नाही?" मी विचारलं.

"तिले मागून समजलं. म्हणे, तुझ्या शिवण्यानंच सगळं बिघडलं. बाबाले कोण्या तोंडानं सांगू? मंग म्या त्या सामानाले हातच नाही लावला."

सरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं त्यांनी त्या एका वाक्याचा चहूबाजूंनी विचार केला होता, पण ही बाजू त्यांच्या स्वप्नातही आली नव्हती. मला तरी कुठे सुचली होती, मी तर बाई होते. "त्याचा काही संबंध नाही, बेटा," ते म्हणाले. "काहीच संबंध नाही. नुसता पाऊस होता."

सुमन पदराने उगाच खाट पुसत राहिली. मग उठून दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"पुष्पा, आत ये."

"आई, मी तर..."

"ये म्हणते ना. सरांले पाणी दे."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. पुष्पा उंबऱ्यावर अडली, आजीच्या बाजूला पाहू लागली. सुमनने तिचा दंड धरला आणि माठापाशी नेऊन उभं केलं. मुलीने झाकण काढलं, पेला भरला, सरांपुढे धरला. सर सगळं पाणी एका दमात प्याले आणि रिकामा पेला तिच्या हातात देऊन म्हणाले, "आणखी दे बेटा."

परतीच्या गाडीत खरंच गर्दी नव्हती. मला बरं वाटत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं. म्हटलं, "सर, आता तरी मनातून काढा. आज फार चांगलं काम झालं तुमच्या हातून."

सर बाहेरची कापलेली धानाची बांधी, ती मोकळी भातशेतं, पाहत होते. सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांचं त्या गाडीतलं बोलणं मला अजून विसरता आलेलं नाही.

"मी पहिल्याच वर्षी आलो असतो बाई," ते म्हणाले, "तर आज पुष्पा बाहेर बसलीच नसती."