सुमनचं टेकाड

जळकोटच्या हॉटेलात चहा सांगितला, की आमचे मोजणीवाले साहेब मोबाइलवर अंटार्क्टिकाचा नकाशा उघडतात. बर्फातला एखादा डोंगर बोटांनी मोठा करून म्हणतात, "ह्यो विमानातनं फोटू काढल्यावर सापडला बगा. तिथं नाव इचारायला माणूसच न्हाय. मग मोजणाऱ्यांनी आपल्या सैपाक्याचं नाव दिलं." सांगताना त्यांना दरवेळी नव्यानं आनंद होतो.

इथं मात्र ते विचारल्याशिवाय काही लिहीत नाहीत. आमचं शेत मोजताना त्यांनी चिंचेचं वावर, पांढरी, अशी सगळी नावं माझ्या आईकडून घेतली. शेवटी मधल्या खडकाळ टेकाडापाशी थांबले.

"काकू, ह्याला काय म्हणता?"

"त्याला कशाचं आलंय नाव? म्या तिथं भाकरी खायला बसते, एवढंच."

"कवापासनं?"

"लगीन झाल्यापासनं."

"मग तुमचं नाव सांगा."

आईनं आधी तोंडाला पदर लावला, मग सांगितलं. साहेबांनी पेन्सिलीला टोक काढून कच्च्या नकाशावर सावकाश लिहिलं, 'सुमनचं टेकाड'.

सातबाऱ्यावर आईचं नाव कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बांधावरून हाक मारली, "माझ्या टेकाडावर ये जेवायला."