चौथ्या ओळीतला सुटा ठिपका

भट्टीत भांडं तडकलं आणि कोणी ‘नजर लागली’ म्हणालं, की ‘माती ओली राहिली’ असं सांगणारा मी माणूस. आजही तसाच आहे... तरी हे लिहितोय.

भद्रावतीच्या एका कुंभारकामाच्या कार्यशाळेत मी माती मळतो. मागच्या हिवाळ्यात तिथे जपानहून एक शिल्पकार बाई आल्या होत्या. त्यांनी कमरेएवढं, आतून पोकळ असं काहीतरी घडवलं — ना भांडं, ना मूर्ती — आणि बांबूच्या काडीने त्यावर ठिपक्यांच्या ओळी टोचल्या. भाजून निघाल्यावर दुभाषी मुलीमार्फत त्यांनी आम्हाला विचारलं, “यात काय दिसतं?”

“वारूळ,” सुभाषभाऊ म्हणाला.

“मले तं जिलेबी दिसून राह्यली,” शांताबाई म्हणाली.

“तुले भूक लागली, बाई!” सुभाषभाऊ म्हणाला.

सगळे हसले. मी नाही. पाच ओळी, चौथी मधेच वाकडी, आणि पुढे एक सुटा ठिपका... हे माझ्या आत्याच्या हातावरचं गोंदण होतं!

आलापल्लीजवळच्या खेड्यात आत्यानेच मला वाढवलं. त्या सुट्या ठिपक्यावर मी बोट ठेवलं की ती सांगायची, “इथी लय दुखलं, बापू. म्या हात मांगं घेतला.” दागिने इथेच राहतात, मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती मानायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी विचारलं, “ही ओळ वाकडी का?”

दुभाषी मुलीने उत्तर सांगितलं, “त्या म्हणतात, इथे मातीनेच हात मागे घेतला.”

घरी येऊन बायकोला मोबाइलवर फोटो दाखवला. “आत्याच्या हातावर हेच होतं ना?”

“मले का माहीत?” ती म्हणाली. “आपल्या लग्नात भर मे महिन्यात स्वेटर घालून होत्या त्या. तेवढंच याद हाये.”

तो स्वेटर मीच घालायला लावला होता. वरोऱ्याची सासुरवाडीची माणसं गोंदलेले हात पाहून हसतील म्हणून. आत्याला ताप आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ती घामाने निथळत पंगतीत बसली. पुन्हा आमच्याकडे कधी आली नाही. मीही गेलो नाही... शेवटचं बघायलासुद्धा.

तिचा एकच फोटो आहे, लग्नाच्या अल्बममधला. त्यात स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या आहेत. त्या ओळी खरंच तशाच होत्या का, हे आता ताडून पाहता येत नाही. ते गोंदण मीच झाकून टाकलं होतं.