चेकरबाई आणि लिफ्टचा कायदा

माझी मावशी राजकारणात यायच्या आधी बसमध्ये तिकिटं तपासायची. निवडून आली, संसदेत जाऊन बसली, तरी लोक तिला चेकरबाईच म्हणत. तिलाही त्याचं वाईट वाटायचं नाही. ती म्हणायची, "ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. जो त्याहून बनेल असतो तो माझ्याकडे बघून हसतो. मी आधी हसणाऱ्याकडे जाते."

तिच्या पक्षाने तिला उभं केलं तेव्हा ती जागा पडणार असंच सगळे धरून चालले होते. कामगार संघटनेतली एक खडूस बाई, उभी राहिली काय आणि पडली काय! पण बसच्या थांब्यांवर तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. ती निवडून आली, आणि पक्षाचे गटनेते, ज्यांना सगळे दादा म्हणत, तिच्या यशाने खूश होण्याऐवजी जरा बिचकलेच. त्यांनी तिला विरोधी बाकांच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड जागा दिली.

सभागृहात तिची बोलायची पाळी यायची तेव्हा निम्मे लोक जेवायला गेलेले असत. तिने कधी तक्रार केली नाही. तिचं खरं काम समितीत चालायचं. समितीची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. लांबलचक टेबल, गार करणारं यंत्र असं की भर उन्हाळ्यात मावशी स्वेटर नेई, आणि दार बंद. तिथे कॅमेरा नाही, वार्ताहर नाही. मी तिच्या कार्यालयात टपाल आणि फोन बघायचे, मला त्या दारापर्यंतच जाता यायचं.

त्या वर्षी समितीपुढे लिफ्टचा कायदा आला. मावशीच्याच मतदारसंघात एका इमारतीची लिफ्ट कोसळली होती आणि त्यात एका शिंपिणीचा पाय गेला होता. मावशी तिला भेटायला रुग्णालयात गेली तेव्हा ती म्हणाली, "बाई, लिफ्ट तपासल्याची पाटी माझ्या डोळ्यांसमोरच लावलेली होती हो." जी कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची तिनेच ती तपासून ठीक ठरवली होती, आणि कायद्याच्या मसुद्यातही पुढे असंच चालणार होतं.

मावशीने एका वाक्याची दुरुस्ती मांडली. जो लिफ्ट दुरुस्त करील त्याने तिची तपासणी करायची नाही. "गाडी हाकणाऱ्यानेच तिकिटं तपासायची असतील," ती समितीत म्हणाली, "तर मी इतकी वर्षं काय केलं?"

तिला वाटलं होतं, आता जुंपणार. कंपनीची माणसं साक्षीला आली, अधिकारी आले. तिने त्यांना प्रश्न विचारून घाम फोडला. समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे, पूर्वी डॉक्टरकी केलेले. आवाज असा मऊ की रोग्याला सुई कधी टोचली ते कळू नये. मतदानाच्या दिवशी हे डॉक्टर म्हणाले, "बाईंची दुरुस्ती रास्त आहे. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. सत्ताधाऱ्यांनी टेबल वाजवलं.

मावशी घरी आली ती आठ्या घालूनच. काका भाजी चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. "अगं, जिंकलीस की! मग तोंड का असं?"

"भांडल्याशिवाय कोणी काही देतं का?"

"नळाला पाणी आलं तरी तुला संशय, नाही आलं तरी संशय."

"कुठेतरी पाणी मुरतंय," मावशी म्हणाली.

"नळातच मुरत असेल," काका म्हणाले आणि पुन्हा भाजीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी संसदेच्या व्हरांड्यात आम्हाला लिफ्ट कंपनीचा माणूस भेटला. समितीत त्याने मावशीच्या दुरुस्तीला कडाडून विरोध केला होता. आज त्याने आमच्यासाठी दार उघडून धरलं. "अभिनंदन, बाई. लोकांचं मोठं काम केलंत," तो म्हणाला, आणि हसला. मावशी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

"याची रोजीरोटी मी कापली," ती मला म्हणाली, "आणि हा मला दार उघडतो? उतारूने आपण होऊन दंड भरलेला पाहिलाय का कधी?"

त्या दिवसापासून तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. अधिकारी आदराने उठला, संशय. दादांनी चहा पाठवला, संशय. आणि मग उपाहारगृहात तिला वकील दिसला.

वकील तिच्याच पक्षाचा, तिच्याच समितीतला. वयाने लहान, अभ्यासू, तिला ताई म्हणणारा. समितीत तो तिच्या शेजारी बसे आणि तिला कलमांची भाषा समजावून देई. तो कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टरांशी बोलत होता, पुढे झुकून, हळू आवाजात. आम्हाला बघितल्यावर तो बोलायचा थांबला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बस! मावशीला आणखी काही लागत नव्हतं. तो बाहेर आला तसं तिने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"काय विकलंस रे?"

"काय?"

"डॉक्टरला काय विकलंस? माझ्या शेजारी बसून माझंच तिकीट फाडलंस ना?"

वकिलाचा चेहरा उतरला. "ताई, तुम्हाला वाटेल ते समजा," एवढंच बोलून तो निघून गेला. मावशी मला म्हणाली, "बघितलंस? नाही म्हणाला नाही." मला मात्र त्याच्या चेहऱ्यावर चोरीपेक्षा लाजच जास्त दिसली होती. पण मावशीपुढे त्या दिवसांत कोणाची बाजू घेणं म्हणजे स्वतःचं तिकीट दाखवायची पाळी.

चर्चेच्या आदल्या दिवशी दादांनी तिला बोलावलं. मीही बरोबर होते. दादा खुर्चीत ऐसपैस बसून होते.

"उद्या आपला पाठिंबा आहे," ते म्हणाले. "तू पहिल्या रांगेतून बोल. तुझ्या दुरुस्तीवर हवं तेवढं बोल. श्रेय घे. बाकीच्या कलमांना हात लावू नकोस, उगाच वेळ जातो."

"बरं," मावशी म्हणाली. बाहेर आल्यावर तिने माझा दंड पकडला. "बाकीच्या कुठल्या कलमांना?"

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर समितीने मंजूर केलेला मसुदा घेऊन बसलो. तिने स्वतःचं कलम बाजूला ठेवलं आणि बाकीचा मसुदा मला मोठ्याने वाचायला लावला. शेवटचं कलम नेहमीचं, कायदा केव्हापासून लागू होणार ते सांगणारं. तिथे वाचताना मी अडखळले. कायदा लगेच लागू होणार होता. मावशीचं कलम मात्र सरकार ठरवील त्या तारखेपासून.

"आणि तारीख ठरवलीच नाही तर?" काकांनी विचारलं.

"तर ते कलम असेल आणि नसेलही," मावशी म्हणाली. "हात जोडायला मूर्ती आहे, देव नाही."

हे वाक्य कधी घुसलं तेही लक्षात आलं. मतदानानंतर ती पुन्हा शिंपिणीला भेटायला गेली होती त्या दिवशी समितीची शेवटची बैठक झाली होती. विरोधकांतर्फे त्या खोलीत एकटा वकील होता. अहवालात कोणाचंही विरोधी मत नव्हतं. मावशीने कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या रांगेतून बोलायला उभी राहिली. मी वरच्या सज्जात होते. तिने आभार मानले नाहीत, की श्रेयही घेतलं नाही. ती मंत्र्यांना म्हणाली, "माझा एकच प्रश्न आहे. माझी दुरुस्ती कोणत्या तारखेपासून लागू होणार?"

मंत्री हसले. "योग्य वेळी."

"योग्य वेळ म्हणजे कोणती तारीख?"

"सरकार विचार करून ठरवील."

"बसची वेळ विचारली की आम्ही असं उत्तर दिलं असतं तर लोकांनी बस पेटवली असती, मंत्रिमहोदय. तारीख!"

सभागृहात हशा पिकला. दादांनी बाजूला वळून तिला हाताने बसायची खूण केली. ती उभीच. सभापतींनी घंटा वाजवली. ती उभीच. सत्ताधारी बाकांवरून कोणी ओरडलं, "समितीत तुमच्याच पक्षाने मान्य केलंय! आता नाटक कशाला?"

मावशीने अहवालाची पानं उलटली; त्यात विरोधी मत कुठेच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून वकील उठला.

"मान्य केलेलं नाही," तो म्हणाला. "या तारखेच्या कलमाला मी समितीत विरोध केला होता. माझं विरोधी मत मी लिहून दिलं होतं. ते मागे घ्यायला मला सांगण्यात आलं, आणि मी ते मागे घेतलं. ही माझी चूक. पण मान्य केलं असं कोणी म्हणू नये."

"कोणी सांगितलं?" चहूबाजूंनी ओरडा झाला.

वकिलाने नाव घेतलं नाही. तो फक्त समोर, आपल्याच पक्षाच्या पहिल्या रांगेकडे बघत उभा राहिला. दादा पुढ्यातले कागद नीट लावू लागले. एवढं सगळ्यांना पुरलं.

गोंधळ इतका वाढला की मंत्र्यांना पुन्हा उठावं लागलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "हे कलम वर्ष संपायच्या आत लागू करू," ते म्हणाले, "असं मी सभागृहाला आश्वासन देतो." कलमातच तारीख घालावी म्हणून मावशीने मतदान मागितलं, ते आपटलं. तिच्या स्वतःच्या पक्षातले निम्मे लोक त्या वेळी बाहेर गेले होते. कायदा तसाच मंजूर झाला.

दादांचा सौदा मागाहून उघड झाला. विरोधकांनी लिफ्टवरून दंगा करायचा नाही, त्या बदल्यात एका वजनदार समितीचं अध्यक्षपद दादांना.

चर्चेच्या दिवशीच संध्याकाळी मावशी वकिलाच्या खोलीत गेली. तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"मी चुकले," ती म्हणाली.

"अर्ध्याच चुकलात, ताई. मत मी मागे घेतलंच होतं. ते कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? डॉक्टरांकडे गेलो होतो ते मत परत अहवालात घ्या म्हणून विनवायला."

"मग व्हरांड्यात बोलला का नाहीस?"

वकिलाने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. "तुम्ही विचारलं असतंत तर बोललो असतो. तुम्ही विचारलं नाहीत. पकडलंत."

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. त्याने तिला बसा म्हटलं नाही, आणि ती बसलीही नाही.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने वकिलाला उभं केलं नाही. तो कोर्टात परत गेला. मावशीची जागा तिच्या लोकांनी राखली, पण दादांनी तिला समितीतून काढून आश्वासन समितीवर टाकलं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले की नाही, ते बघणारी ही समिती. तिथे बदली म्हणजे शिक्षाच, असं सगळे मानत. मावशी दर बैठकीला लिफ्टचा विषय काढायची. वर्ष संपलं, मंत्र्यांनी मुदत मागितली. तीही संपली. ती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावून तोच प्रश्न विचारत राहिली, इतका की ते तिला बघितलं की लिफ्ट सोडून जिना धरत. शेवटी एका साध्या दुपारी सरकारने तारीख जाहीर केली आणि कलम लागू झालं.

मावशीने वकिलाला फोन केला. "झालं."

"वाचलं मी," तो म्हणाला.

"घरी ये चहाला."

"बघतो, ताई."

तो आला नाही. काका म्हणाले, पुन्हा फोन कर. ती म्हणाली, नको, त्याला वाटेल तेव्हा येईल. फोन वाजला की मात्र तीच आधी उचलायची.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी दारावरची घंटा वाजली. तो होता, सोबत त्याची मुलगी. सगळे बाहेरच्या खोलीत बसले. मुलीची शाळा, कोर्टातल्या तारखा, खोकल्याचं औषध, असल्याच गोष्टी चालल्या. त्या कायद्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मावशीने एकदाही त्याला बोलण्यात पकडलं नाही, फक्त ऐकत राहिली. तो निघाला तसं ती फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबली.

ती परत आल्यावर काकांनी विचारलं, "मिटलं?"

"नाही," मावशी म्हणाली आणि कप उचलू लागली. "पण आला."