तिघांचं एकच पथ्य

बाबांचा वात, आईचा वात आणि शेजारच्या काकूंचा वात हे आमच्याकडे एकच दुखणं धरलेलं होतं. शेकायची वीट एक, तेलाची बाटली एक आणि पथ्यही एकच.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही चारकोपला राहायला आलो होतो. बाबा वॉचमनचं काम करत, आई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पेनच्या कारखान्यात पेनात स्प्रिंगा बसवी. एकदा बाबांच्या पायाचा अंगठा रातोरात असा सुजला, की त्यावर चादरही सोसेना. डॉक्टरांनी त्यांना मटण, तारल्या-बांगड्यांसारखे मासे आणि तूरडाळ बंद सांगितली. आईची बोटं दुखत होती, म्हणून त्याच दिवसापासून तिने सगळेच मासे सोडले. गुडघ्यांसाठी काकूंनीही सोडले.

"तुला कुणी सांगितलं?" मी आईला विचारलं.

"अगो, वात तो वात. तुझ्या बापाशीक वेगळो आणि माका वेगळो आसता काय?"

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यातून सायन्सला. मला माहीत असेल असं सगळ्यांना वाटायचं. मला माहीत नव्हतं.

वर्षभराने कारखान्याच्या सुपरवायझरने आईला सांगितलं, "मावशी, हात असाच हळू चालला तर दिवाळीनंतर येऊ नका." तेव्हा कुठे मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांची पेरं दाबून पाहिली. "सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"थोडा वेळ," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटं, की दोन तास?"

मला सांगता येईना. आमच्याकडे पाणी पहाटे पाचला यायचं. मी अभ्यास करणारी, म्हणून मला कुणी उठवत नसे.

"घड्याळ लावून बघ आणि लिहून आण," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठून पाहिलं. आईने बादलीची कडी मुठीत धरलीच नाही, कोपरात अडकवून आणली. स्टोव्हला पंप बाबांनी मारला. मग पाववाला आला. कित्येक महिने सकाळी भाकरीऐवजी पाव असायचा आणि मी तो आवडीने खात होते. पीठ मळता येत नाही म्हणून पाव, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिची मूठ वळली तेव्हा साडेसात वाजले होते. चार दिवस मी वहीत वेळा लिहिल्या.

बाईंनी वही वाचली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर बाबांचं आणि काकूंचंही विचारून घेतलं आणि मला समजावलं. काकूंचे गुडघे झिजलेत, म्हणून जिना चढला की दुखतात, बसलं की बरं वाटतं. बाबांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात, पथ्य फक्त त्यांचं. आईच्या शरीराची राखण करणारी ताकदच तिच्या सांध्यांवर उलटली होती. म्हणून दोन्ही हात सारखे सुजत, अंगात कसकस राही, आणि नुसत्या शेकाने ते थांबणार नव्हतं.

"गोळ्या खूप दिवस घ्याव्या लागतील," बाई म्हणाल्या. "आणि मासे खा हो. कुणी बंद केले?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.

संध्याकाळी बांगडे आणले. ते मीच साफ केले, पण नीट जमलं नाही. काकू वासावर आल्या.

"म्हणजे मी पण वर्षभर उगाच सोडले गो?"

"तू वजन कमी करूक सोडलंस म्हण," बाबा म्हणाले. त्यांच्या ताटात दोडका होता.

गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागले. दिवाळीनंतर आई कामावर गेली, पण स्प्रिंगांचं टेबल तिला परत मिळालं नाही, टोपणं लावायचं मिळालं. उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती, ती तशीच राहिली. आम्ही आधी गेलो असतो तर, हे मी बाईंना विचारलं नाही. पाचच्या पाण्याला मी उठू लागले.