रिकाम्या खोलीचा आवाज

आमचे हे गेल्यावर मुलाने इथलं, विलायतेतलं, स्टॅनमोरचं घर विकायचा धोशा लावला. मी दाद देत नव्हते. कारण सांगितलं असतं, तर त्याने आधी मला जीपीकडे, म्हणजे डॉक्टरकडे, नेलं असतं. रोज दुपारी माझं जेवण झालं, की समोरच्या खोलीतून अडकित्त्याचा आवाज यायचा. कट्. थोडं थांबून परत कट्. हे जेवणानंतर सुपारी कातरत बसत, अगदी तसाच. आधी मी घाबरले, मग मला त्याची सोबत वाटायला लागली.

मुलाने परस्पर ते घर आठवडाभर एका शूटिंगला दिलं. दिग्दर्शक अमेरिकन, म्हातारा, अंगाने वाळलेला. पटकथाही स्वतःच लिहायचा. तरुणपणी त्याचा पहिला सिनेमा धो धो चालला, नंतरचे सगळे आपटले. हे त्यानेच सांगितलं, माझ्या किचनमध्ये चहात बिस्किट बुडवत. सगळ्या युनिटला मी बूट दाराबाहेर काढायला लावले होते; तोही मुकाट्याने मोज्यांवर हिंडत होता.

शेवटच्या दुपारी त्याने सगळ्यांना गप्प उभं केलं. रिकाम्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवतात म्हणे, संवादांमधल्या जागा भरायला. बॉयलरची घरघर तेवढी होती. आणि मग, कट्.

साउंडवाल्याने हेडफोन काढला. "समवन अपस्टेअर्स?"

"नोबडी," मी म्हणाले. इतके दिवस वाटत होतं, तो आवाज फक्त मलाच ऐकू येतो.

साउंडवाला परत रेकॉर्ड करायला निघाला, तर म्हाताऱ्याने त्याला थांबवलं. "कीप इट," म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मीच नजर वळवली.

तो निघताना आपल्या रीतीप्रमाणे मी त्याच्या हातावर नारळ आणि सुपारी ठेवली. घरात होती ती यांनीच कातरलेली, डब्याच्या तळाशी उरलेली. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्याने चिमूटभर तोंडात टाकली, बाकीची खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून खोली गप्प. मी जेवून खरकट्या हाताने बसून राहायची. फ्रिज, बॉयलर, बाहेरची बस, बाकी काही नाही. असा राग आला त्या म्हाताऱ्याचा! आणि त्याहून स्वतःचा. यांच्यासाठी घर धरून बसले होते, आणि सुपारी देऊन यांना मीच वाटेला लावलं. आता घर राखायचं कुणासाठी? विक्रीच्या कागदांवर सही करून मोकळी झाले.

सिनेमा लागला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, रिव्ह्यूज एकदम बेकार आहेत गं. कशाला जातेस?" तरी गेले. थिएटरात मला धरून तीन माणसं. पडद्यावर माझी खोली, खिडकीशी एकटी बसलेली नटी, संवाद नाही. कट्. थोडं थांबून, कट्. मी तोंडावर हात दाबून रडले.

बाहेर येऊन पुढच्या शोचं तिकीट मागितलं. "सेम फिल्म?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. मग म्हणाली, गुरुवारी उतरवतोय, कोणी येतच नाही.

ज्या माणसावर इतके महिने जळफळत होते, त्याचा हा एवढा एक सिनेमा चालू दे, म्हणून मी तिथेच हात जोडले.