दारफळणीच्या दिवशी वाजलेला फोन

आम्ही नेमके कोण, हे आमच्या सोसायटीत कोणालाच नीट ठाऊक नाही. खालच्या मजल्यावरची वहिनी पहिली काही वर्षं आम्हाला ख्रिश्चन समजायची आणि नाताळच्या शुभेच्छा द्यायला यायची. आमचे हे तिला थँक्यू म्हणायचे. शेवटी मीच सांगितलं, अगं, आम्ही ज्यू. बेने इस्राएल. मूळचे कोकणातले, घरात मराठीच बोलतो, शनिवार पाळतो. ती म्हणाली, "मारुतीचा का?" मी म्हटलं, हो. किती समजवायचं माणसाने!

मुलगा लग्नानंतर इस्रायलला गेला, तिकडे उत्तरेच्या बाजूला राहतो. नातू तेरा वर्षांचा व्हायचा होता. त्या वयात मुलाला पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला उभं करतात, तेव्हा आजोबा समोर हवेत म्हणे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यामुळे हे एकटे गेले, महिन्याभरासाठी. नातवाने छान वाचलं. मग तिकडची लढाई मुलाच्या गावापर्यंत येऊन पोचली. विमान कंपनीने तिकीट रद्द केलं. दुसरं काढलं, तेही रद्द झालं. महिन्याचे तीन महिने झाले आणि यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या.

यांचा स्वभाव सांगायला हवा. या माणसाने लग्न झाल्यापासून मला विचारल्याशिवाय काही ठरवलेलं नाही. रेल्वेत नोकरी केली, तिथे म्हणे साहेबांना उलट उत्तरं द्यायचे. घरात आले की पांढरा शर्ट घालू की निळा. तिकडे गेल्यावरही तेच. एकदा फोन आला, मागे भोंगा वाजत होता. रॉकेट यायच्या आधी तो वाजतो आणि सगळ्यांनी पळत जाऊन सिमेंटच्या खोलीत बसायचं असतं. हे मला विचारत होते, "अगं, चप्पल घालून जाऊ की तसाच?"

मी इथे नाशिक रोडला कुकरसमोर उभी राहून किंचाळले, "अहो, आधी जा!"

"बरं," म्हणाले. फोन ठेवलाही नीट.

मुलगा म्हणायला लागला, बाबांना इथेच राहू दे, मग तुलाही आणतो, नाशिकला आता आपलं आहे काय? मी उलट यांच्या गोळ्या मिळाल्या का ते विचारलं. मला दोन घोर लागले होते. तिथे यांचं काही बरंवाईट होईल हा एक. काहीही न होता हे तिथे रमतील, हा दुसरा. पहिला मी सगळ्यांना सांगत होते.

अशात आमचा मोठा उपास आला. जुनी माणसं त्याला दारफळणीचा सण म्हणत. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, दिवा पेटवणं नाही, फोन नाही. दार लावायच्या आधी एकमेकांची माफी मागायची. हे दर वर्षी म्हणतात, "काही चुकलं असलं तर माफ कर." मी म्हणते, काही म्हणजे काय काय ते आधी बोला. त्या वर्षी दुपारभर मी या माफीची वाट पाहिली. फोन नाही. राग आला. सूर्य खाली गेला, दार लावलं, आणि माफीच्या दिवसाची सुरुवात मी नवऱ्यावर दात-ओठ खात केली.

फोन खरं तर बंद करून ठेवायचा असतो. मी चालूच ठेवला होता. उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा, अशी पळवाट काढली होती.

आणि तो वाजला. पडद्यावर यांचं नाव.

पुढे झालेला हात मी मागे घेतला. कारण हा माणूस शर्ट विचारून घालेल, पण उपास सुरू झाल्यावर फोनला हात लावणार नाही. मग यांच्या फोनवरून बोलणारं दुसरं कोणी असणार, आणि ते काय सांगणार हे उघड होतं. वाजून थांबला. पुन्हा वाजला. जीव वाचवायचा असेल तर नियम मोडता येतो, एवढं मला कळतं. पण जीव वाचवायचा आहे की गेलेला आहे, हे उचलल्याशिवाय कसं कळणार? पुन्हा वाजला. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले. धर्म वगैरे काही नाही, मी घाबरले होते. न उचललेल्या फोनमध्ये हे अजून जिवंत होते.

बऱ्याच वेळाने, फोन थांबल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. आपला सूर्य त्यांच्या अडीच तास आधी मावळतो! त्यांच्याकडे अजून ऊन होतं, उपास लागायचाच होता. म्हणजे फोन यांचाच असू शकतो. मला हायसं वाटलं. मग वाटलं, पण एवढ्या वेळा? साध्या माफीसाठी?

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दुपारी वहिनीने दाराखालून आपट्याची पानं सरकवली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. दार उघडू नका हां, मला माहितीये आज तुमचं बंद असतं." शनिवारचं तिला नाही कळलं, हे मात्र बरोबर कळलं होतं. दारातून तिला सांगावं, बाई गं, माझ्या मुलाला फोन लावून बघ, असं तोंडाशी आलं. नाही सांगितलं. पानं उचलून टेबलावर ठेवली.

संध्याकाळी मैदानात रावण जाळला, फटाक्यांचा दणदणाट झाला, दर दणक्याला मी फोनकडे बघत होते. चांदण्या दिसल्या. माझा उपास सुटला आणि मी यांना फोन लावला. वाजत राहिला. अर्थातच! त्यांचा सुटायचा होता. मुलाला लावला, तोही वाजत राहिला. पाण्याचा पेला भरून समोर ठेवला आणि बसले.

शेवटी आला.

"अहो, बरे आहात ना?"

"हो. थांब, पाणी पिऊ दे." घोट घेतल्याचा आवाज आला. मी तो ऐकला आणि ओक्साबोक्शी रडले.

"काल एवढे फोन कशाला केलेत?" मी ओरडले.

"विचारायला." मुलाला यांच्यासाठी परत यायची एक जागा मिळाली होती. मोटारीने शेजारच्या देशात, तिथून विमान. रस्ता धोक्याचा. हो की नाही ते उपास लागायच्या आत कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. "तू उचलेचना. तो म्हणायला लागला, बाबा, लवकर सांगा. मग मीच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"निघतो म्हटलं. तो म्हणाला, वाटेत काही झालं तर? मी म्हटलं, तुझी आई तिकडे एकटी उपास सोडणार. तू खाल्लंस ना?"

"नाही."

"का?"

"तुमचा सुटायचा होता."

मी समोरचा पेला उचलून एका दमात रिकामा केला. मग बिल वाढतं म्हणून त्यांनी ठेवला. त्या फोनला बिल येत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

हे सुखरूप आले. आता आत बसून विचारतायत, पंखा लावू का. मी लावा म्हणते. एक गोष्ट मात्र त्यांना सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी मी फोन उचलला असता, तर त्या रस्त्याचं ऐकून म्हटलं असतं, अजिबात निघू नका, तिथेच राहा. आणि ते बरं म्हणाले असते.